परका कोड आपल्या वेबसाइटमध्ये कसा शिरतो : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्डप्रेस, जूमला किंवा द्रुपलवर साइट चालवणाऱ्यांसाठी हे पान आहे : तालुक्याचं साप्ताहिक, ऑनलाइन दिवाळी अंक, शाळा, ग्रंथालय, परदेशातलं मराठी मंडळ. प्रोग्रामिंग यायलाच हवं असं नाही. पण काही ठिकाणी मुद्दाम खोलात गेलो आहे, कारण ‘पासवर्ड मजबूत ठेवा’ छापाच्या सल्ल्यानं खाली सांगितलेलं एकही प्रकरण थांबलं नसतं.

कोड इंजेक्शन म्हणजे नेमकं काय?

साइटकडे बाहेरून सतत काही ना काही येत असतं. शोधचौकटीत टाकलेला शब्द, प्रतिक्रिया, लॉगिनचं नाव, अपलोड केलेला फोटो, पत्त्याच्या शेवटचा आकडा, शिवाय ब्राउझर स्वतःहून सांगतो ती स्वतःची ओळख. सॉफ्टवेअरनं हे सगळं मजकूर म्हणूनच हाताळायला हवं. एखाद्या ठिकाणी तो मजकूर आज्ञा म्हणून वाचला गेला, की झालं कोड इंजेक्शन.

खिळे जुळवायच्या काळात संपादक हस्तलिखिताच्या समासात कंपोझिटरसाठी सूचना लिहीत : हा परिच्छेद गाळा, इथे ठळक टाइप घ्या. एखाद्या लेखकानंच समासात ‘पान तीन काढून माझी जाहिरात लावा’ असं लिहून पाठवलं आणि कंपोझिटरनं ते इमानेइतबारे पाळलं, तर लेखक लबाड आहेच; पण मजकूर आणि सूचना एकाच कागदावर, एकाच शाईत येऊ देणारी पद्धत जास्त दोषी.

आज्ञा कोण पाळतं त्यावरून प्रकाराचं नाव ठरतं. डेटाबेसनं पाळली तर एसक्यूएल इंजेक्शन (एसक्यूएल ही डेटाबेसशी बोलायची भाषा), पीएचपीनं, म्हणजे या तिन्ही सॉफ्टवेअरची भाषा चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, पाळली तर पीएचपी कोड इंजेक्शन, सर्व्हरच्या शेलनं, म्हणजे टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमनं, पाळली तर कमांड इंजेक्शन, वाचकाच्या ब्राउझरनं पाळली तर क्रॉस-साइट स्क्रिप्टिंग, म्हणजे एक्सएसएस. नावं वेगळी असली तरी एका प्रकारातून दुसऱ्यात उडी मारणं सोपं असतं. ती कशी मारतात ते पुढे येईलच.

हा काही नवा प्रकार आहे का?

मुळीच नाही. डेटाबेसला परक्या आज्ञा पाजण्याची रीत डिसेंबर १९९८ मध्येच ‘फ्रॅक’ या हॅकर मंडळींच्या नियतकालिकात छापून आली होती. ओवॅस्प या वेबसुरक्षेवर काम करणाऱ्या संस्थेच्या दहा मोठ्या धोक्यांच्या यादीत २०१०, २०१३ आणि २०१७ अशी सलग तीनदा इंजेक्शन पहिल्या क्रमांकावर होतं. २०२१ च्या यादीत ते तिसरं आलं, तेही एक्सएसएसला त्याच खात्यात जमा करून.

एखादं खरं उदाहरण उलगडून दाखवाल का?

वर्डप्रेस ४.७ हे डिसेंबर २०१६ मध्ये आलं. बाहेरच्या प्रोग्रॅमना साइटवरचे लेख वाचता यावेत, आणि परवानगी असेल तर बदलताही यावेत, यासाठीची रेस्ट एपीआय ही सोय त्यात सगळ्यांसाठी सुरू झाली. लेख बदलायची विनंती आली की वर्डप्रेस दोन पावलं टाकायचं. आधी बघायचं, या माणसाला हा लेख बदलायचा हक्क आहे का. असला तर मग बदल करायचा.

समजा लेखाचा क्रमांक १२३ आहे. हल्लेखोर पाठवायचा ‘१२३अबक’. (प्रत्यक्षात आकडे आणि अक्षरं रोमन, पण खेळ हाच.) पत्त्याच्या मुख्य भागात आकड्यांशिवाय काही चालणार नाही असं बंधन होतं, पण तोच क्रमांक प्रश्नचिन्हाच्या पुढे आयडी म्हणून पुन्हा दिला तर तो वरचढ ठरायचा आणि बंधन बाजूला राहायचं.

आता पहिलं पाऊल. वर्डप्रेस ‘१२३अबक’ नावाचा लेख शोधायला जाई. असा लेख नसल्यानं हाती काहीच लागत नसे. तपासणीची अट लिहिलेली होती ती अशी : लेख सापडला आणि हक्क नसला, तर अडव. इथे लेखच सापडलेला नाही, म्हणजे अट लागू होत नाही, म्हणजे अडवायचं कारण नाही. विनंती पुढे सरके. दुसऱ्या पावलात त्याच क्रमांकाचा पूर्णांक केला जाई. पीएचपी असा पूर्णांक करताना सुरुवातीचे आकडे घेतं आणि उरलेली अक्षरं मुकाट्यानं टाकून देतं. राहिले १२३. लेख सापडला, बदल झाला. लॉगिन नाही, पासवर्ड नाही, काही नाही.

सुकुरी या सुरक्षा कंपनीच्या संशोधकानं हे कळवलं. दुरुस्त केलेली ४.७.२ आवृत्ती २६ जानेवारी २०१७ रोजी आली, म्हणजे आपल्याकडे प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीत. त्रुटी नेमकी काय ते मात्र १ फेब्रुवारीपर्यंत गुपित ठेवलं होतं, जेणेकरून ऑटो-अपडेट चालू असलेल्या साइट तेवढ्या अवधीत आपोआप दुरुस्त व्हाव्यात. ज्यांनी ‘अपडेटनं साइट बिघडते’ म्हणून ते बंद करून ठेवलं होतं, त्यांची लाखो पानं पुढच्या काही दिवसांत विद्रूप झाली. सुरुवातीला नुसतं ‘हॅक्ड बाय अमुक’ लिहिण्यावर भागत होतं. मग हल्लेखोरांच्या लक्षात आलं की काही साइटवर लेखाच्या मजकुरातच पीएचपी लिहून चालवू देणारी प्लगइन बसवलेली आहेत. लेख बदलता येतो आणि लेखातलं पीएचपी चालतं, म्हटल्यावर अख्खी साइट हातात. अशी सोय देणारं एखादं प्लगइन तुमच्याकडे असेल तर आजच काढा. त्याच्याइतकं महाग पडणारं फुकट प्लगइन दुसरं नाही.

आमचा डेव्हलपर म्हणतो, आम्ही तयार डेटाबेस लायब्ररी वापरतो, त्यामुळे एसक्यूएल इंजेक्शन होऊच शकत नाही. खरं का?

‘होऊच शकत नाही’ यातला ‘च’ काढला तर खरं. अशा लायब्ररीत, म्हणजे डेटाबेसशी बोलणाऱ्या आयत्या कोडच्या संचात, डेटाबेसला विचारायच्या प्रश्नाचा साचा आधी ठरतो, मूल्यांसाठी त्यात रिकाम्या जागा असतात, आणि मूल्यं वेगळ्या वाटेनं जातात. मूल्यात काहीही लिहिलेलं असो, ते मूल्यच राहतं. द्रुपल ७ मध्ये याच कामाची उत्तम लायब्ररी होती, आणि भगदाड पडलं ते नेमकं तिच्यात.

झालं असं. ‘या यादीतलं कोणतंही नाव चालेल’ असा प्रश्न असला, की द्रुपल एका रिकाम्या जागेच्या अनेक जागा करायचं. त्या जागांना नावं देताना यादीतल्या नोंदींच्या किल्ल्या (प्रत्येक नोंदीला लावलेलं नाव किंवा क्रमांक) वापरायचं : नाव_०, नाव_१, नाव_२. किल्ल्या म्हणजे आकडेच असणार, हे गृहीत. पण फॉर्मच्या चौकटीच्या नावात चौकोनी कंस घालून ब्राउझर पीएचपीला हवी ती किल्ली पाठवू शकतो. तिथे एसक्यूएलची ओळ लिहिली, की ती मूल्यांच्या वाटेनं न जाता थेट साच्यात जाऊन बसे. मूल्यांवर कडक पहारा होता आणि नावांकडे कोणी बघतच नव्हतं. हे सगळं साध्या लॉगिन फॉर्मवरून जमत होतं.

जर्मनीतल्या सेक्शनआइन्स कंपनीला हे सापडलं. दुरुस्ती, म्हणजे ७.३२, जाहीर झाली १५ ऑक्टोबर २०१४ रोजी, भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊच्या सुमारास. त्या दिवशी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान होतं. इथल्या बातमीदारीच्या साइट चालवणारे त्या रात्री एक्झिट पोलचे आकडे चढवत असणार, सुरक्षा सूचना वाचत नसणार. दोन आठवड्यांनी, २९ ऑक्टोबरला, द्रुपलच्या सुरक्षा पथकानं जे निवेदन काढलं ते अजूनही वाचण्यासारखं आहे. घोषणेनंतर सात तासांच्या आत, म्हणजे आपल्या घड्याळात १६ तारखेच्या पहाटे साडेचारपर्यंत, तुम्ही साइट दुरुस्त केली नसेल तर ती फुटली आहे असंच धरून चाला. आणि पुढे असं, की तुम्ही अपडेट केलेलं नसताना साइट दुरुस्त झालेली दिसली, तर तेही घुसखोरीचंच लक्षण. आत शिरलेला चोर इतर चोर येऊ नयेत म्हणून मागून दार लावून घेत होता.

मग फॉर्ममध्ये अवतरणचिन्हं वगैरे बंदच केली तर?

हा उपाय पीएचपीनं स्वतः करून पाहिला आहे. ‘मॅजिक कोट्स’ नावाची सोय बाहेरून आलेल्या प्रत्येक अवतरणचिन्हामागे आपोआप उलटी तिरकी रेघ लावायची. परिणाम : मजकुरात जागोजागी तिरक्या रेघांचा खच, आणि सुरक्षितता अर्धीमुर्धी. २०१२ मध्ये पीएचपी ५.४ मधून ती काढून टाकली.

मराठी साइटला यात आणखी एक त्रास होतो. आयता मिळालेला नियम बहुतेकदा ‘ए ते झेड आणि आकडे एवढंच चालेल’ असा असतो. मग ‘ज्ञानेश्वर’ नावानं कोणाला नोंदणी करता येत नाही, तक्रारी येतात, आणि वैतागून कोणीतरी तो नियम पुरता उडवून देतो. म्हणजे आधी मराठी गेली, मग सुरक्षाही गेली. येणारा मजकूर कापत बसण्यापेक्षा तो जिथे जाणार आहे तिथे त्याला योग्य वेष्टन घालणं बरोबर : डेटाबेसकडे जाताना रिकाम्या जागेतून, पानावर छापताना एचटीएमएलची चिन्हं निष्प्रभ करून. वाचकाला काय लिहायचं ते लिहू दे.

इमोजीमुळे साइट हॅक होते असं ऐकलं. काहीतरीच ना?

निरुपद्रवी हसऱ्या चेहऱ्यानं नाही होत, पण या ऐकीव गोष्टीच्या मुळाशी तथ्य आहे, आणि या पानावरचा मला सर्वांत रंजक वाटणारा भाग तोच आहे.

मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरं साठवायचा ‘यूटीएफ-८’ नावाचा जो जुना प्रकार आहे, त्यात एका अक्षराला जास्तीत जास्त तीन बाइट मिळतात. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह बरोबर तीन बाइटांत बसतं. त्यामुळे मराठी साइट वर्षानुवर्षं विनातक्रार चालल्या आणि त्या प्रकारात काही खोट आहे अशी शंका कोणाला आली नाही. इमोजी आणि काही दुर्मीळ चिन्हांना चार बाइट लागतात. असं चिन्ह आलं, आणि डेटाबेस कडक शिस्तीत चालत नसला, की तो त्या चिन्हापासून पुढचा सगळा मजकूर छाटून टाकतो. नुसता इशारा देतो, काम थांबवत नाही.

छाटला तर छाटला, बिघडलं काय? बिघडतं ते असं. वर्डप्रेस प्रतिक्रिया तपासतं तेव्हा ती अखंड असते : अवतरणचिन्हं नीट उघडलेली, नीट मिटलेली, आतला मजकूर निरुपद्रवी. तपासणीत उत्तीर्ण झालेली ती प्रतिक्रिया डेटाबेसमध्ये मात्र अर्धी पोचते. मिटणारं चिन्ह गेलं, उघडलेलं राहिलं. आता पान छापताना पुढच्या कुठल्यातरी मजकुरातलं चिन्ह त्याची जोडी बनतं, आणि जे अवतरणात कैद होतं ते मोकळं होऊन स्क्रिप्ट म्हणून धावतं. तपासली गेली ती वस्तू एक, साठवली गेली ती दुसरीच. अशी त्रुटी वर्डप्रेस ४.१.२ मध्ये, २१ एप्रिल २०१५ ला बुजवली. आठवडा उलटायच्या आत त्याच जातीची दुसरी निघाली : चार बाइटचं चिन्ह लागतच नाही, प्रतिक्रिया ६४ किलोबाइटपेक्षा लांब लिहिली की रकान्यात मावत नाही म्हणून डेटाबेस तिची शेपटी कापतोच. त्यासाठी २७ एप्रिलला ४.२.१ आलं.

आणि स्क्रिप्ट धावून होतं काय? संपादक डॅशबोर्डमध्ये ती प्रतिक्रिया बघतो, तेव्हा स्क्रिप्ट त्याच्या ब्राउझरमध्ये, त्याच्या हक्कांनिशी चालते. तो अ‍ॅडमिन असला तर ती पडद्यामागे थीम एडिटर उघडून एका फाइलमध्ये पीएचपी लिहून ठेवते. ब्राउझरमधून सर्व्हरमध्ये उडी. डॅशबोर्डमधलं फाइल एडिटर ‘डिसअलाउ फाइल एडिट’ या एका ओळीनं डब्ल्यूपी-कॉन्फिग फाइलमधून बंद करता येतं. गेल्या कित्येक वर्षांत तुम्ही ते वापरलेलंही नसेल.

जूमलानं त्याच वर्षी डिसेंबरात याहून भारी तडाखा खाल्ला. आलेल्या ब्राउझरची ओळख जूमला सेशनच्या, म्हणजे त्या वाचकाच्या चालू भेटीच्या, नोंदीत साठवायचं. ओळख ब्राउझर स्वतः सांगतो, म्हणजे तिथे वाटेल ते लिहिता येतं. हल्लेखोरांनी तिथे पीएचपीचा ऑब्जेक्ट (माहिती आणि कृती यांचा एकत्र गठ्ठा) मजकुरात गुंडाळून लिहिला आणि शेवटी चार बाइटचं चिन्ह ठेवलं. डेटाबेसनं शेपटी कापली, नोंदीची रचना मोडली, आणि ती परत वाचताना पीएचपीनं तो परका ऑब्जेक्ट खरा समजून जिवंत केला. त्यातून हवा तो कोड चालला. जूमला १.५ पासून ३.४.५ पर्यंत सगळ्या आवृत्त्या यात सापडल्या. ३.४.६ आली १४ डिसेंबर २०१५ ला, पण हल्ले दोन दिवस आधीच सुरू झाले होते, म्हणजे सर्वांत तत्पर माणसालाही जूमला अपडेट करून वाचायची सोय नव्हती. वाचले ते ज्यांनी पीएचपी अद्ययावत ठेवलं होतं ते. ऑब्जेक्ट चुकीचा वाचण्याची खोड पीएचपीनं सप्टेंबरातच सुधारली होती. होस्टिंगच्या पॅनलमध्ये पीएचपीची आवृत्ती निवडायची यादी असते, ती उघडून बघायचा कंटाळा करू नका.

वर्डप्रेस अद्ययावत आहे. तरीही धोका उरतो का?

उरतो, आणि बहुतांश तो तिथेच असतो : प्लगइन आणि थीममध्ये.

२०११ मधलं टिमथम्ब घ्या. फोटोंच्या छोट्या प्रती बनवणारी ही एक फाइल शेकडो थीममध्ये भरलेली होती. बाहेरच्या साइटवरचे फोटोही ती आणायची, पण फ्लिकर, ब्लॉगर अशा ठरावीक नावांवरूनच. आता ते नाव तपासायचं कसं? पत्त्यात ‘ब्लॉगर डॉट कॉम’ ही अक्षरं कुठेतरी आहेत का, एवढंच पाहिलं जाई. हल्लेखोरानं ‘ब्लॉगर डॉट कॉम डॉट माझीसाइट डॉट कॉम’ असा पत्ता तयार केला, तिथे फोटोऐवजी पीएचपी फाइल ठेवली, आणि टिमथम्बनं ती आणून तुमच्याच साइटच्या कॅशे फोल्डरमध्ये ठेवून दिली. फोल्डर बाहेरून उघडता येणारं. पुढचं सांगायला नको. वर्डप्रेस अपडेट करून याचा काही उपयोग नव्हता, कारण फाइल थीमच्या पोटात होती आणि ती आपल्याकडे आहे हे मालकाच्या गावीही नव्हतं.

सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर या प्लगइनचं असंच झालं. सात लाखांहून जास्त साइटवर ते होतं. त्यात वापरलेल्या एका मुक्त लायब्ररीबरोबर नमुन्याची एक फाइल येते, मुद्दाम चालणार नाही अशा नावानं. कोणीतरी नाव बदलून ती चालती केली आणि तशीच पाठवून दिली. त्या फाइलला लॉगिन वगैरे काही विचारायची पद्धतच नव्हती : फाइल द्या, मी ठेवून घेते. दुरुस्ती १ सप्टेंबरला ६.९ आवृत्तीत आली. इथेही काही टोळ्यांनी आत शिरल्यावर त्या फाइलला स्वतःचा पासवर्ड लावून इतरांना बाहेर ठेवलं होतं.

प्लगइन बंद केलं म्हणजे धोका गेला असंही नाही. डीअ‍ॅक्टिव्हेट केलेल्या प्लगइनच्या फाइल सर्व्हरवर असतातच, आणि वरच्या दोन्ही प्रकरणांत फाइलचा पत्ता थेट मारला की काम होत होतं. नको असेल ते पुसून टाका.

पैसे भरून मिळणारी थीम कोणीतरी फुकट दिली आहे. वापरू का?

नको. अशा ‘नल्ड’ थीममध्ये इंजेक्शन करायची वेळच येत नाही, मागचं दार आधीच बसवलेलं मिळतं. आणि मूळ कंपनीची अपडेट येत नाहीत ते वेगळंच. फुकटच हवी तर वर्डप्रेसच्या अधिकृत भांडारातली घ्या.

आमची साइट दिवसाला पन्नास माणसं बघतात. आमच्या वाटेला कोण जाणार?

कोणीच मुद्दाम जात नाही. डिसेंबर २००४ मध्ये सँटी नावाचा वर्म, म्हणजे आपोआप पसरणारा प्रोग्रॅम, आला होता. पीएचपीबीबी या चर्चेच्या सॉफ्टवेअरमध्ये एका पॅरामीटरमधून कोड घुसवता येत होता. सँटी थेट गूगलला विचारायचा, हे सॉफ्टवेअर कुठे कुठे आहे? आलेल्या यादीतल्या प्रत्येक साइटवर जायचा, पानं पुसायचा, आणि तिथून पुन्हा गूगलला विचारायचा. शेवटी गूगलनंच तो शोध अडवला. साइट कोणाची, किती वाचकांची, कुठल्या भाषेत, याच्याशी त्या वर्मला काही देणंघेणं नव्हतं. आजचे बॉटही असेच चालतात; फरक एवढाच की ते पानं पुसत नाहीत. तुमच्या साइटवर त्यांना जागा हवी असते. जुगाराच्या आणि नकली औषधांच्या जाहिरातींची हजारो लपलेली पानं, स्पॅम मेल पाठवायला एक स्वच्छ पत्ता, किंवा तुमच्या सर्व्हरच्या विजेवर कूटचलन खणणं. २०१८ च्या द्रुपल हल्ल्यांनंतर कितीतरी सर्व्हरवर मोनेरो हे कूटचलन खणणारे प्रोग्रॅम सापडले. ती साइट बाहेरून अगदी ठीक दिसते.

अपडेट आल्याबरोबर लावावं, की दोन आठवडे थांबून इतरांचं काय होतं ते बघावं?

नव्या सोयींची मोठी आवृत्ती असेल तर खुशाल थांबा. सुरक्षेची आवृत्ती असेल तर थांबू नका. कारण दुरुस्ती जाहीर होते तेव्हाच त्रुटीही जाहीर होते. जुनी आणि नवी फाइल शेजारी ठेवली की कुठे काय बदललं ते जाणकाराला दिसतं. २०१४ मध्ये द्रुपलवाल्यांना सात तास मिळाले. २८ मार्च २०१८ ची त्रुटी तेवढीच गंभीर होती. त्या वेळी द्रुपलनं आठवडाभर आधी सांगून ठेवलं होतं की अमक्या दिवशी मोठी दुरुस्ती येतेय, माणसं हाताशी ठेवा. ती त्रुटी कशी वापरायची याचं सविस्तर विवेचन १२ एप्रिलला बाहेर पडलं आणि हल्ले लगोलग सुरू झाले. म्हणजे बरोबर दोन आठवडे थांबणारा जेमतेम एका दिवसानं वाचला, त्याहून रेंगाळणारा सापडला.

वर्डप्रेसमध्ये छोट्या सुरक्षा आवृत्त्या ऑक्टोबर २०१३ च्या ३.७ पासून आपोआप लागतात, आणि प्लगइनसाठी तसं बटण ऑगस्ट २०२० च्या ५.५ पासून आहे. लहान साइटनं दोन्ही चालू ठेवावं असं माझं ठाम मत आहे. अपडेटनं एखादं पान वाकडं दिसणं आणि साइट गूगलच्या ‘ही साइट धोकादायक आहे’ अशा लाल पाटीमागे जाणं, यांत मी पहिलं निवडतो.

होस्टिंगवाले म्हणतात त्यांची फायरवॉल आहे. पुरे का?

असू द्या, चांगलीच आहे. ओळखीचे हल्ले ती अडवते. २०१७ मध्ये वर्डप्रेस ४.७.२ च्या वेळच्या त्या आठवडाभराच्या गुप्ततेत मोठ्या फायरवॉल कंपन्यांना आधी कळवलं होतं, त्याचा खरंच उपयोग झाला. पण अनोळखी हल्ला तिला ओळखीचा होईपर्यंत ती गप्प असते.

साइटमध्ये कोणी शिरलं आहे हे कसं ओळखायचं?

साइट उघडून पाहून बहुधा कळत नाही. घुसवलेला कोड अनेकदा लॉगिन केलेल्या माणसाला आणि थेट पत्ता टाकून येणाऱ्याला मूळ पानच दाखवतो. गूगलवरून किंवा मोबाइलवरून येणाऱ्याला दुसरं. म्हणून गूगलमध्ये ‘site:’ आणि त्याला जोडून आपल्या साइटचा पत्ता लिहून गूगलनं नोंदवलेली आपली पानं बघा. मराठी कवितांच्या साइटवर जपानी अक्षरांत नकली पर्सच्या जाहिराती दिसल्या, की काय ते समजा. साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सर्च कन्सोलमधली यूआरएल तपासणी गूगलला नेमकं काय दिसतं ते दाखवते.

मग सर्व्हरवर. अपलोड्स फोल्डरमध्ये फोटो आणि पीडीएफ असतात. तिथे पीएचपी फाइल असायचं काहीच कारण नाही. ‘एमयू-प्लगइन्स’ फोल्डर उघडा. त्यातलं सगळं आपोआप चालतं आणि प्लगइनच्या नेहमीच्या यादीत दिसत नाही. वापरकर्त्यांच्या यादीवर अ‍ॅडमिन किती ते कंसात लिहिलेलं असतं. आकडा तीन आणि खाली नावं दोनच, असं असेल तर तिसरा लपवलेला आहे. कमांड लाइनची सवय असेल तर डब्ल्यूपी-सीएलआय या वर्डप्रेसच्या कमांड लाइन साधनामध्ये कोअरच्या फाइल मूळ फाइलींशी ताडून पाहायची आज्ञा आहे. बदललेली एकही फाइल निघाली तर ती संशयित.

शिरलंय हे नक्की झालं. आता?

पहिली ऊर्मी बॅकअप परत चढवायची असते. तसं केलं आणि भोक तसंच राहिलं, तर तोच बॉट दोन दिवसांत परत येतो. शिवाय बॅकअप कधीचा? घुसखोरी महिनाभरापूर्वीची असेल तर बॅकअपमध्येही पाहुणे असणार.

आहे त्या स्थितीत फाइल, डेटाबेस आणि सर्व्हरच्या लॉगची प्रत काढून बाजूला ठेवा. लॉग थोड्याच दिवसांत आपोआप पुसले जातात आणि भोक कुठलं हे सांगणारा तोच एक साक्षीदार. अनोळखी पीएचपी फाइलकडे गेलेल्या ‘पोस्ट’ प्रकारच्या, म्हणजे सर्व्हरला माहिती पाठवणाऱ्या, विनंत्या शोधा. मग कोअर, थीम, प्लगइन पूर्ण पुसून मूळ ठिकाणाहून ताज्या आणा. निवडून-निवडून साफ करत बसू नका, एक फाइल राहून जातेच. अपलोड्स आणि डेटाबेस मात्र परत आणता येत नाहीत, ते तपासूनच घ्यावे लागतात. सगळे पासवर्ड बदला, डेटाबेसचासुद्धा, आणि डब्ल्यूपी-कॉन्फिगमधल्या गुप्त किल्ल्याही बदला, म्हणजे आधीपासून लॉगिन असलेला प्रत्येक जण बाहेर फेकला जाईल. क्रॉनमधली, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणारी, कामं बघा. त्याच होस्टिंग खात्यात एखादी जुनी ‘टेस्ट’ साइट पडून असेल तर रोग बहुधा तिथूनच आलेला असतो.

भारतात आणखी एक गोष्ट. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्या, सेवा पुरवठादार आणि सरकारी कार्यालयांनी अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे, आणि वेबसाइटमध्ये परका कोड किंवा दुवे घुसवणं हे त्या यादीत स्पष्टपणे आहे.

छोटं प्लगइन आम्हीच लिहून घेतो. लिहिणाऱ्याला काय बजावू?

डेटाबेसचा प्रत्येक प्रश्न ‘प्रिपेअर’मधून, आणि मूल्यं रिकाम्या जागांतूनच. आधी मूल्य चिकटवून तयार वाक्य ‘प्रिपेअर’ला देणारे महाभाग आहेत, त्यानं काहीच होत नाही. रकान्याचं नाव किंवा क्रम लावायची दिशा रिकाम्या जागेत बसत नाही, तिथे परवानगी असलेल्या नावांची ठरावीक यादी करायची आणि त्यातलंच घ्यायचं. पानावर छापताना तिथल्या तिथे एस्केप करायचं, साठवताना नाही. बाहेरून आलेलं ‘अनसीरियलाइझ’ करायचं नाही, जेसॉन वापरायचं. ‘इव्हॅल’ तर नाहीच. आणि प्रत्येक कृतीआधी दोन प्रश्न : विनंती आपल्याच पानावरून आली का, आणि या माणसाला हक्क आहे का? दुसरा प्रश्न विचारताना वस्तू सापडली नाही तर काय करायचं, हे लिहायला विसरू नका. ‘१२३अबक’ आठवा.

आमची साइट जूमलाच्या जुन्या आवृत्तीवर आहे, बनवणारा आता भेटत नाही. अपडेट केलं तर सगळंच मोडतं. काय करू?

जूमला ३ चा आधार ऑगस्ट २०२३ मध्ये संपला, द्रुपल ७ चा ५ जानेवारी २०२५ ला. त्यांच्यात यापुढे जे सापडेल ते अधिकृतपणे बुजवलं जाणार नाही. साइटवर नवं काही येत नसेल, नुसते जुने अंक वाचायला ठेवायचे असतील, तर त्यासाठी डेटाबेस आणि पीएचपी लागतच नाही. एचटीट्रॅकसारख्या प्रोग्रॅमनं संपूर्ण साइट साध्या एचटीएमएल पानांत उतरवून घ्या, आधीचे पत्ते तसेच राहतील असं बघा, आणि मग सर्व्हरवरून जूमला व डेटाबेस दोन्ही काढून टाका. आत शोधायची चौकट आणि संपर्काचा फॉर्म जाईल. फॉर्मच्या जागी ईमेलचा पत्ता लिहा. शोधासाठी अंकवार अनुक्रमणिकेचं एक पान हातानं बनवावं लागेल, आणि पंधरा-वीस वर्षांचे अंक असतील तर त्याला दोन-तीन दिवस जातील हे धरून चला.